बोट उठत नाही? इंजिन बदलायच्या आधी पंख्यावरचा नंबर वाचा

पावसाळा संपला, सप्टेंबर आला की मालवण, तारकर्ली, देवबागला वॉटरस्पोर्ट्सच्या बोटी परत पाण्यात उतरतात आणि दरवर्षी तेच दृश्य दिसतं. बनानावर, म्हणजे बोटीमागे दोराने ओढायच्या केळ्याच्या आकाराच्या हवा भरलेल्या तराफ्यावर, पाच-सहा जण लाइफ जॅकेट घालून बसलेत, दोर ताणलाय, बोटवाला लिव्हर पार पुढे ढकलतो, इंजिन बोंबलतंय, बोटीचं तोंड आभाळाकडे, मागे फेसच फेस आणि बोट काही केल्या उठत नाही. शेवटी दहा-पंधरा सेकंदांनी कशीबशी उठते, तोवर बनानावरचे लोक पाणी पिऊन मोकळे. माणसं जाड आहेत असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या राईडला पाचाऐवजी चार बसवले जातात. धंद्याच्या भाषेत दर राईडला एक तिकीट बुडालं.

माझा मावसभाऊ देवबागला असाच धंदा करतो. मी पुण्यात मेकॅनिकलवाला, त्यामुळे घरातल्या मिक्सरपासून समुद्रातल्या बोटीपर्यंत सगळ्यांचे फोन मलाच येतात. गेल्या सीझनला दादाचा फोन आला, “अरे इंजिन ११५ चा घेतलंय, तरी बोट उठना नाय. आता १५० चा घेऊ काय?” मी म्हटलं थांब, आधी पंख्यावरचा नंबर सांग. पलीकडे शांतता. मग, “नंबर? पंख्यार नंबर असता?”

असतो. दीडशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे लाखो रुपये वाचवायचे असतील तर तो वाचता यायला हवा. पंखा म्हणजे प्रोपेलर, आपल्याकडे किनाऱ्यावर सगळे पंखाच म्हणतात, मी पण तेच म्हणणार.

दोन आकडे, त्यातला दुसरा महत्त्वाचा

पंख्याच्या हबवर, म्हणजे मधल्या गोल भागावर, किंवा पात्यांच्या बुडाशी काहीतरी १३ x १९ असं कोरलेलं असतं. कधी नुसता पार्ट नंबर असतो, मग तो घेऊन कॅटलॉग शोधावा लागतो. पहिला आकडा म्हणजे व्यास, पात्यांची टोकं फिरताना जो गोल काढतात तो किती इंच रुंद आहे ते. दुसरा म्हणजे पिच, आणि आजचा सगळा लेख त्याच्यावर आहे. पंखा एक फेरा फिरला तर कागदावर तो किती इंच पुढे सरकेल, तो पिच. लाकडात स्क्रू पिळताना बघा, मोठ्या आट्यांचा स्क्रू एका फेऱ्यात चटकन आत जातो पण मनगट दुखवतो, बारीक आट्यांचा हळू जातो पण सहज फिरतो. १९ चा पंखा म्हणजे मोठ्या आट्यांचा, १५ चा म्हणजे बारीक.

कागदावर म्हटलं कारण पाणी लाकडासारखं घट्ट नाही. कोरड्या रेतीत चालताना पाऊल टाकलं की थोडं मागे सरकतं ना, तसंच पंख्याचं होतं. १९ इंच जायला हवा तिथे प्रत्यक्षात १६ च जातो. ह्याला स्लिप म्हणतात. बोट चांगली पळत असताना साधारण १० ते २० टक्के स्लिप असतेच, त्यात काही बिघडलेलं नसतं. स्लिप शून्य असती तर पाणी मागे ढकललंच गेलं नसतं, आणि पाणी मागे गेलं नाही तर बोट पुढे कशी जाणार.

बोटीला गिअर एकच, तो पण बदलता येत नाही

भरलेला टेम्पो करूळ घाटाच्या पायथ्याशी तिसऱ्या गिअरवर उभा केला आणि तिथूनच उचलायचा म्हटलं तर काय होईल? इंजिन गुदमरेल, धूर काढेल, क्लच जळेल. कोणी शहाणा माणूस असं करत नाही, पहिला टाकतो. बोटीत पहिला-दुसरा-तिसरा नसतोच, पुढे, न्यूट्रल, मागे, संपलं. इंजिनाच्या खालच्या भागात दात्यांची जोडी असते तिचं प्रमाण कंपनीतून ठरलेलं येतं, म्हणजे इंजिन २.१५ फेरे फिरलं की पंखा एक फेरा, असं काहीतरी. ते आपण बदलू शकत नाही. बदलता येतो तो फक्त पंखा, म्हणून पिच हाच तुमचा गिअर. १९ लावला तर तुम्ही कायमचे तिसऱ्यात, १५ लावला तर पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी.

आता म्हणाल समुद्र सपाट, घाट कुठून आला. घाट बोट स्वतःच तयार करते. सुरुवातीला बोट पाणी कापत जाते तेव्हा तिच्या तोंडापुढे लाट उभी राहते आणि मागचा भाग खळग्यात बसतो, म्हणजे बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत असते. जोर पुरला तर ती लाटेवर चढते आणि मग पाण्यावरून घसरत पळायला लागते, ह्याला प्लेनवर येणं म्हणतात, आपले बोटवाले नुसतं ‘उठली’ म्हणतात. उठल्यावर पाण्याचा अडथळा एकदम हलका होतो. म्हणजे घाट अगदी पहिल्या काही सेकंदांतच आहे, आणि बनाना किंवा बंपर (तसलाच हवा भरलेला, माणसं बसवून ओढायचा तराफा) नेमकं त्याच वेळी मागून सगळ्यात जास्त खेचत असतं, कारण ते पण अजून पाण्यात रुतलेलंच असतं.

इथे आणखी एक गोची. ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे ते कधीही ११५ देतं असं नाही. ती ताकद साधारण साडेपाच हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे फिरताना, मिळते. जड पंख्यामुळे ते ३००० वरच अडकलं तर, ढोबळ हिशेबाने, निम्म्याच्या आसपासच ताकद हातात येते. तुम्ही पैसे ११५ चे मोजलेत आणि घाट चढताय साठाने! म्हणून दादाने १५० घेतलं असतं आणि पंखा तसाच जड बसवला असता तर पैसे जाऊन थोडाच फरक पडला असता.

मच्छीमारांना हे आधीपासून माहीत आहे

बंदरात ओढून ठेवलेल्या ट्रॉलरचा पंखा कधी बघितलाय का? भलामोठा व्यास, रुंद पाती, आणि फिरतो सावकाश. कारण ट्रॉलरला जाळं ओढायचं असतं ताशी पाच-सात किलोमीटरने, पळायचं नसतं. बाजूलाच फायबरच्या होडीचं आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन, बघा, छोटासा पंखा, भराभर फिरणारा. ओढायचं काम असेल तर भरपूर पाणी धरून हळू ढकला, पळायचं असेल तर थोडं पाणी जोरात ढकला. बनाना ओढणारी बोट ह्या दोघांच्या मधली. ओढायचं पण आहे आणि थोडं पळायचं पण आहे. गंमत म्हणजे ती विकताना डीलर तिला पळणाऱ्या बोटीचा पंखा लावून देतात, कारण ट्रायलला बोटीत दोन माणसं असतात आणि गिऱ्हाईक स्पीड बघून खूष होतं.

ओढण्यावरून आठवलं. पंखा चांगला की जहाजाच्या बाजूची मोठी चाकं चांगली, हा वाद ब्रिटिश नौदलात चालला होता तेव्हा ३ एप्रिल १८४५ ला त्यांनी चक्क रस्सीखेच लावली. पंख्याचं रॅटलर आणि चाकांचं अलेक्टो, पाठीला पाठ लावून दोराने बांधली. रॅटलरने अलेक्टोला, तिची चाकं पूर्ण जोरात फिरत असताना, जवळजवळ तीन नॉट (ताशी पाच किलोमीटरच्या आसपास) वेगाने उलटं ओढत नेलं. म्हणजे पंखा गाजला तो पळण्यापेक्षा ओढण्यासाठी.

मग आपल्याला किती पिच पाहिजे?

हे अंदाजाने ठरवायचं नाही, आणि शेजारच्या बोटीला कितीचा आहे ते बघून तर अजिबात नाही. इंजिनाच्या पुस्तकात एक ओळ असते, पूर्ण लिव्हर दिल्यावर आरपीएम किती ते किती असावा. बऱ्याच ११५ च्या फोर-स्ट्रोक इंजिनांना ५००० ते ६००० असतो, तुमच्या इंजिनाला वेगळा असू शकतो, तुमचंच पुस्तक बघा. पूर्ण लिव्हरला काटा ह्या दोन आकड्यांच्या मध्ये आलाच पाहिजे, आणि ओढायचं काम असेल तर वरच्या टोकाजवळ आला पाहिजे. बाकी सगळी थिअरी विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, पिच १ इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो. १ इंच वाढवला की तेवढाच उतरतो.

टेस्ट कशी करायची, तर रोज जेवढं वजन बोटीत असतं तेवढं भरायचं, टाकी भरलेली, चालक, हेल्पर, दोर, सगळं. बनाना जोडून, त्याच्यावर माणसं बसवून पूर्ण लिव्हर द्यायचा वेडेपणा करायचा नाही, कोणीतरी उडून मान मोडून घेईल. त्याऐवजी बोटीत दोन-तीन माणसं जास्त बसवा. मग मोकळ्या शांत पाण्यात पूर्ण लिव्हर, टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएमच्या काट्याचा, आकडा लिहून घ्या, मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड बघा, आणि वळून उलट दिशेने परत एकदा तेच करा, कारण वारा आणि भरती-ओहोटी एका बाजूने फसवतात. थांबलेल्या बोटीपासून उठेपर्यंत किती सेकंद लागले ते पण मोजा. आपल्याला सुधारायचंय ते हेच.

दादाच्या बोटीला १९ चा पंखा होता. बोट रिकामी असताना ५१००, म्हणजे कसाबसा पास. चार माणसं जास्त बसवल्यावर ४७००, म्हणजे नापास, इंजिन दमून चाललंय. १५ चा पंखा लावला, ४ इंचाचा फरक, तर वजनासकट ५४०० आणि रिकामी ५८५०. दोन्ही ५००० ते ६००० च्या आत.

पण स्पीड गेला ना?

गेला, पण किती ते बघू, कारण लोक इथेच घाबरून मागे फिरतात. हिशेब असा, आरपीएम भागिले २.१५ केलं की पंख्याचे फेरे, त्याला पिचने गुणलं की मिनिटाला किती अंतर ते. १९ इंच म्हणजे ०.४८ मीटर, ५१०० ला ताशी साधारण ६९ किलोमीटर निघतात. १५ इंच म्हणजे ०.३८ मीटर, ५८५० ला साधारण ६२. दोन्हीतून १५ टक्के स्लिप कापली तर ५८ आणि ५३. म्हणजे पिच पाचव्या हिश्शाने कमी केला तरी टॉप स्पीड गेला फक्त ताशी ५ किलोमीटर, कारण इंजिन आता जास्त फिरतंय.

आणि तो ५८ चा स्पीड वापरणार कुठे? बनाना किंवा बंपर मोठ्या माणसांना घेऊन ताशी २५-३० ला चालवला तरी लोक किंचाळतात, पोरं असतील तर त्याहून कितीतरी कमी. वेकबोर्डला ३०-३५ लागतात. ५८ लागतात ते पुरुषांच्या स्पर्धेतल्या स्लॅलम वॉटर-स्कीइंगला, आणि देवबागच्या खाडीत ते कोणी करायला येत नाही. जो स्पीड कधी वापरायचाच नाही त्याच्यासाठी दर राईडला इंजिनाचा जीव काढायचा, ह्याला काय अर्थ आहे?

इंजिन जास्त फिरून फाटणार नाही?

उलट आहे. लोकांना वाटतं कमी आरपीएम म्हणजे इंजिनाला आराम. पूर्ण लिव्हर देऊन ४५०० वर रखडणारं इंजिन आरामात नसतं, ते तिसऱ्या गिअरमधल्या टेम्पोसारखं धापा टाकत असतं, कार्बन धरतं, तापतं, आतून ठोकतं. पुस्तकातल्या रेंजमध्ये फिरणं ही त्याची तब्येत राखणारी गोष्ट आहे. मात्र रेंजच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून एकदम १३ चा लावायचा मोह टाळा. रिकाम्या बोटीला इंजिन ६००० च्या पलीकडे पळेल, आरपीएम अडवणारा लिमिटर असेल तर तो मध्ये येऊन इंजिन अडखळेल, नसेल तर खरंच नुकसान होईल.

पेट्रोलचं म्हणाल तर प्रामाणिक उत्तर दोन भागांत आहे. तुम्ही मालवणहून वेंगुर्ल्यापर्यंत एकाच स्पीडने जाणार असाल तर छोट्या पिचला त्याच स्पीडला आरपीएम जास्त लागतो, पेट्रोल थोडं जास्त जाईल. पण दिवसाला चाळीस वेळा थांबून उठायचं असेल तर सगळ्यात जास्त पेट्रोल त्या घाटातच जळतं, आणि तिथले सेकंद कमी झाले की खर्च कमी होतो.

तीन पाती की चार?

चार पात्यांचा पंखा पाणी जास्त घट्ट धरतो, बोट कमी स्पीडला पण उठलेली राहते, वळणावर सुटत नाही, थरथर कमी. ओढायच्या बोटीला हे सगळं हवंच असतं. बदल्यात टॉप स्पीड किंचित जातो आणि पंखा जड चालतो, त्यामुळे तीनवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंच उतरवून घ्यावा. सारखी वळणं घेऊन बंपर फेकायचा धंदा असेल तर माझं मत चार पात्यांना. दादाने मात्र तीनच ठेवली, कारण आधी बजेट, आणि मग तारकर्लीची खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, ती पुढे सांगतो.

वळणावर इंजिन अचानक किंचाळतं आणि बोट ढिली पडते, ते वेगळं दुखणं. तेव्हा पंखा पाण्याऐवजी वरून ओढलेली हवा कापत असतो. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या साधारण रेषेत हवी. इंजिन फार वर बसवलं असेल तर जगातला कुठलाही पंखा हवाच खाणार. उठताना इंजिन पूर्ण आत, म्हणजे बोटीच्या बाजूला, ट्रिम केलेलं पाहिजे, उठल्यावर मग थोडं बाहेर. हे फुकट आहे आणि निम्मे लोक करत नाहीत.

स्टीलचा घेतला तर?

स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, त्यामुळे पाती पातळ करता येतात, जोरात वाकत नाहीत, मागच्या कडेला छान कप देता येतो. कप म्हणजे पात्याच्या कडेला दिलेली बारीक मुरड, पळीच्या कडेसारखी, तिच्यामुळे पाणी निसटत नाही. कपवाला पंखा साधारण अर्धा ते एक इंच जास्त पिचसारखा वागतो, तेवढं धरून चला. खोल, स्वच्छ पाणी असेल तर स्टीलसारखं सुख नाही.

पण आपल्याकडे मालवणला पाण्याखाली खडपं, कर्लीच्या मुखाशी रेतीचे पट्टे आज इथे उद्या तिथे. ॲल्युमिनियमचं पातं आपटलं की वाकतं, तुटतं, पण मार स्वतःवर घेतं. स्टीलचं वाकत नाही, मग झटका शाफ्टकडे आणि गिअरकडे जायची भीती वाढते. आत रबराचा हब असतो, तो झटका खाऊन सुटावा अशीच रचना आहे, पण प्रत्येक वेळी तो वेळेत सुटेलच ह्याच्यावर मी गिअरबॉक्स लावणार नाही. हा हब एकदा घसरायला लागला की इंजिन फिरतं आणि बोट ढिम्म, लोक त्याला पण पिचचा दोष समजतात.

रेती ॲल्युमिनियमची कड सावकाश खाते. सीझनच्या शेवटी जुना आणि नवा पंखा शेजारी ठेवून बघा, कडा कशा गोल झालेल्या असतात ते. दोन-चार महिन्यांनी पंखा काढला की शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलाय का ते पण बघायचं, तो आत जाऊन ऑइल सील कापतो, पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं.

तापोळ्याला, पानशेतला हेच चालेल?

पद्धत तीच, आकडे वेगळे. तापोळा ज्याच्या काठी आहे तो कोयनेचा जलाशय समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, आणि दर ३०० मीटरला इंजिनाची साधारण ३ टक्के ताकद हवा विरळ झाल्याने जाते. म्हणजे मालवणला बरोबर बसलेला पंखा तापोळ्याला थोडा जड पडणार, एखादा इंच कमी लागेल. टेस्ट करूनच ठरवा.

आणि ह्या सगळ्यात एक गोष्ट पिचपेक्षा मोठी. राईडवरून पडलेल्या माणसाला बोटीत घेताना नुसतं न्यूट्रल नाही, इंजिन बंद. न्यूट्रलमध्ये चुकून लिव्हरला हात लागला तर पंखा १५ चा आहे की १९ चा, पायाला फरक पडत नाही.

दादाची बोट आता चार-पाच सेकंदांत उठते, बनानावर परत पाचवा माणूस बसायला लागला, दीडशेच्या इंजिनाचं नाव काढत नाही. १९ चा जुना पंखा मी विकून टाक म्हणत होतो, त्याने नाही विकला. दोन जास्तीच्या पिना, एक नट आणि पान्यासकट तो बोटीतच, सीटखाली पडलेला असतो. “खडपार आपटलंय तर घराक येवक नको?” म्हणतो. बरोबर आहे, परत यायला १९ चा पण चालतो, मागे बनाना नसतो तेव्हा.